गायरानावरची वीज

(महिला गटांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



सौर ऊर्जा म्हटले की तो इंजिनिअर मंडळींचा विषय, असे आपण धरून चालतो. पण सौर वीज तयार व्हायला जमीन लागते, आणि जमिनीचा प्रश्न बाईचा प्रश्न आहे.

२०२१ साली ग्लासगोच्या हवामान परिषदेत भारत सरकारने जाहीर केले, की २०३० पर्यंत कोळसा-तेलाविना वीज निर्माण करण्याची क्षमता ५०० गिगावॉटवर नेऊ. आपल्या राज्यात २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा. वीज उपकेंद्राजवळच्या जमिनीवर सौर प्रकल्प उभारायचा आणि शेतीपंपांना दिवसा वीज द्यायची, अशी ही योजना.

दिवसा वीज आपल्याला हवीच आहे. रात्री पाणी धरायला जाणे, साप, विंचू, हे आपल्या घरांनी भोगले आहे. दिवसा वीज असेल तर एकटी बाईसुद्धा आपले शेत स्वतः भिजवू शकेल.

पण एका मेगावॉटला साधारण चार एकर जमीन लागते. ती येते दोन वाटांनी.

पहिली वाट, खासगी जमीन. हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आणि दरवर्षी ३ टक्के वाढ. हे भाडे सातबाऱ्यावर ज्याचे नाव त्याला. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या शंभर खातेदारांत बाया होत्या सुमारे चौदा. म्हणजे पैसा त्याच्या खात्यात जाणार, आणि त्या रानात निंदणी-खुरपणी करणाऱ्या मजूर बाईचा रोज बुडणार.

दुसरी वाट, सरकारी जमीन. त्यात गावाचे गायरानही आले. ती नाममात्र भाड्याने मिळते. कागदावर ती पडीक असते. पण शेळ्या तिथे चरतात, गोवऱ्यांचे शेण, सरपण, पावसाळ्यातली रानभाजी तिथूनच येते. हे सगळे गोळा करते बाई, आणि त्याची नोंद कुठल्याच दप्तरात नसते. अनेक दलित, आदिवासी कुटुंबे गायरान कसतात. १४ एप्रिल १९९० पूर्वीची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय शासनाने १९९१ मध्ये घेतला, तरी कित्येकांना अजून सातबारा मिळालेला नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. सौर प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागत नाही. त्यामुळे औष्णिक केंद्राच्या वेळी होते तशी जनसुनावणी इथे होत नाही. बोलायची जागा उरते ती ग्रामसभा. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी, अशी तरतूद आपल्या राज्याच्या कायद्यात आहे. बहुतेक गावांत ती फक्त रजिस्टरवर होते.

म्हणून आपण चार गोष्टी मागू या. गायरानाचा ठराव महिला सभेपुढे आल्याशिवाय मंजूर होऊ नये. जमीन देण्याआधी तिथे कोण चारते, कोण कसते, कोण सरपण नेते याची पाहणी व्हावी, आणि चराईसाठी जागा राखून ठेवावी. खासगी जमिनीच्या भाडेकरारावर नवरा-बायको दोघांची नावे असावीत. १९९२ च्या लक्ष्मीमुक्ती योजनेने सातबाऱ्यावर बायकोचे नाव लावायची वाट दाखवली आहे, ती वापरू या. आणि प्रकल्पासाठी ग्रामपंचायतीला वर्षाला पाच लाखांप्रमाणे तीन वर्षे जे अनुदान मिळते, त्याचा हिशेब महिला सभेत वाचला जावा.

पुढच्या ग्रामसभेची नोटीस लागली, की विषयपत्रिका वाचून घ्या. गायरानाचा गट नंबर दिसला, तर एकटीने जाऊ नका, दहाजणी मिळून जा. आपले म्हणणे इतिवृत्तात लिहून घ्या आणि लिहिलेले वाचून दाखवल्याशिवाय उठू नका.