शिवणीतली माया



गेल्या सोमवारपासून कालच्या रविवारपर्यंत, असे सात दिवस, मी एकही नवा कपडा अंगाला लावला नाही. जे घातलं ते माझ्या आधी कुणीतरी वापरलेलं आणि निदान पंचवीस वर्षं जुनं. पुण्यात शिकणारी माझी लेक अशा कपड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणते. तिच्या मैत्रिणी त्यांच्यासाठी दुकानं पालथी घालतात, चांगले पैसे मोजतात. तिनंच फोनवर विचारलं, “आई, आपल्याकडे मिळतात का गं असे कपडे?” मी नांदेडहून एसटी धरली आणि माहेरी लातूरला गेले.

माझे वडील, दादा, शिंपीकाम करायचे. लातूरची गंजगोलाई १९१७ साली आखली गेली. मधोमध जगदंबेचं देऊळ आणि भोवती फुटणारे सोळा रस्ते. त्यातल्या एका रस्त्यावर दादांचं मशीन होतं. घरातली लोखंडी पेटी त्यांच्या माघारीही कुणी हलवलेली नाही. ती उघडली. सगळ्यात खाली आजीचं इरकल निघालं. नऊवारी, सुती अंग, लाल टोपपदर. इरकलमध्ये अंगाचा ताणा वेगळा आणि पदराचा वेगळा असतो, आणि ते दोन्ही ताणे मागावरच फासे घालून एकमेकांत गुंतवतात. इतक्या वर्षांनी तो जोड बोटांनी चाचपला, जागचा हललेला नव्हता.

पण माझा हात थांबला तो दुसऱ्याच जागी. लुगड्याच्या मधोमध एक आडवी शिवण होती. आजीनं दंड घातला होता. हा शब्द आजच्या मुलींच्या कानावर पडला नसेल. लुगडं बसून-उठून मध्येच विरतं, काठापदराला काही होत नाही. मग विरलेला भाग कापून काढायचा आणि राहिलेले दोन तुकडे एकमेकांना जोडायचे. त्या जोडाला दंड म्हणतात. बारीक, एकसारखा धावदोरा होता आणि काठाशी काठ असा जुळवलेला, की नेसल्यावर निरीत कुठं लपला ते मलाच सापडेना. आजीला लिहिता येत नव्हतं. तिचं अक्षर म्हणून माझ्याकडे ही एक ओळ आहे.

मंगळवारी तेच लुगडं नेसून नांदेडला परतले. आईनं नेसवून दिलं, मला एकटीला कासोटा जमला नसता. अहमदपूरला एक म्हातारी माझ्या शेजारी येऊन बसली. तिनं काही न विचारता पदर हातात घेतला, दोन बोटांत चोळून पाहिला आणि म्हणाली, “इरकल हाय. कुणाचं?” आजीचं म्हटल्यावर लोहा येईपर्यंत ती स्वतःच्या लुगड्यांबद्दल बोलत होती. कोणतं कुठल्या बाजारातलं, कोणतं लेकीच्या बाळंतपणात दुपट्यांना फाडलं, कोणतं वाकळीत गेलं. तिच्या घरातलं एकही लुगडं वाया गेलेलं नव्हतं. तान्ह्याच्या अंगाला पहिलं कापड जुन्यातलं, आजीच्या वापरानं मऊ झालेलं, हा रिवाज आपल्या बहुतेक घरांत आहे. म्हणजे आपण सगळेच आयुष्याची सुरुवात वापरलेल्या कपड्यात करतो.

बुधवारी सासऱ्यांचा खादीचा सदरा घातला. नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती तुम्हाला ठाऊक असेल. उदगीरला विणलेल्या कापडाचा तिरंगा तिच्याकडे नांदेडला शिवून तयार होतो. खादी नवी असताना अंगाला टोचते. या सदऱ्यानं पहिली दहा वर्षं त्यांना टोचलं असणार, मला मात्र तो सायीसारखा लागला. नांदेड हे तर जुनं कापडाचंच गाव. इथली मलमल एके काळी नावाजलेली होती, पुढे उस्मानशाही मिल आली. मिल बंद पडली, तरी तिथलं कापड अजून कुणाच्या ना कुणाच्या पेटीत असेल, या आशेनं मी गुरुवारी इतवाऱ्यातल्या बोळांत फिरले. मिलचं कापड काही सापडलं नाही. सापडली ती जुन्या कपड्यांवर भांडी देणारी एक भांडेवाली.

डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी, खांद्याला गाठोडं. मी म्हटलं, “मावशी, मला भांडं नको. तुमच्या गाठोड्यातलं जुनं दाखवा.” ती चकित झाली. “लोक मला कपडे देत्यात ताई, मागत कुणी नाही. काय शोधायलाव?” मग ओट्यावर बसून तिनं गाठोडं सोडलं. तिच्या हाताचा वेग मी विसरणार नाही. कपडा उचलला की आधी काख, मग कॉलर, मग पँट असेल तर बैठक. तीन ठिकाणी नजर, आणि त्याची जागा ठरली. धडका असेल तर धुऊन, इस्त्री करून आठवडी बाजारात. थोडा उसवलेला असेल तर घरी सुनेकडे, टाके घालायला. अगदीच गेलेला असेल तर चिंध्यांत, त्या गॅरेजवाले पुसायला नेतात. पँटीला आणि शर्टाला गिऱ्हाईक आहे, साध्या साडीला आता फारसं नाही, असं ती म्हणाली. आणि जुन्या जरीच्या साड्या तिच्यापर्यंत पोचतच नाहीत. त्या घेणारे वेगळे. खऱ्या जरीत चांदीची तार असते, पदर जाळून ती काढतात. किती पैठण्या अशा भट्टीत गेल्या असतील, या विचारानं मला अजून वाईट वाटतं.

तिच्या गाठोड्यातून मी एक पुरुषी सुती शर्ट घेतला, कारण त्याची कॉलर पलटलेली होती. दादा हे काम करायचे. मानेशी घासून कॉलर झिजते, तेव्हा ती अलगद उसवून उलटी बसवायची, आतली कोरी बाजू वर येते. शर्ट आणखी दोन-तीन वर्षं चालतो. लातूर-नांदेडात आज हे काम करून देणारे किती हात उरलेत? आणि हे काम सांगायला तरी कोण येतं?

इथं एक गोष्ट बोलल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. मी हे सात दिवस मनानं निवडले. आपल्या समाजातल्या फार मोठ्या भागाला जातीमुळे उतरलेला कपडा निवडता आला नाही, तो घ्यावाच लागला, प्रेतावरचं कापडसुद्धा. १९२७च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेब आंबेडकर स्त्रियांशी मुद्दाम लुगड्याबद्दल बोलले ते यासाठीच: नेसणं कसं असावं, आणि फाटकं असलं तरी स्वच्छ कसं ठेवावं. आणि ३० सप्टेंबर १९९३ची पहाट तर माझ्या माहेरच्याच जिल्ह्यातली. किल्लारीच्या भूकंपानंतर मदतीत जुन्या कपड्यांचे ढीग आले. औशाकडची माझी एक मावशी सांगते, त्यात शहरी झगे होते, अपुऱ्या साड्या होत्या, आणि जन्मभर नऊवारी नेसलेल्या बाया ते हातात धरून नुसत्या उभ्या होत्या. देणाऱ्यानं समोरच्या माणसाचं नेसणं विचारात घेतलं नव्हतं. मी शाळेत शिकवते. जुने कपडे गोळा करण्याचा उपक्रम निघाला की मी मुलांना आता एवढंच सांगते, बटण तुटलं असेल तर लावून आणा, आणि जो कपडा तुम्ही स्वतः उद्या घालाल तोच आणा.

शुक्रवारी नव्या कपड्याचा एक हिशेब केला. एका सुती टी-शर्टामागे, कापूस पिकवण्यापासून शिवण्यापर्यंत, सुमारे २,७०० लिटर पाणी लागतं असा अंदाज दिला जातो. आपला कापूस बराचसा पावसावरचा, तरी पाणी ते पाणीच. एप्रिल २०१६मध्ये, दुष्काळात, मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली तेव्हा तिच्या दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होतं. भागून पाहिलं. एकशे पंच्याऐंशी टी-शर्ट. ती गाडी बघायला आम्ही डोळ्यांत प्राण आणून स्टेशनवर उभे होतो.

शनिवारी मुलगी आली. आजीचं इरकल तिला हवं होतं, आणि त्यावर माझ्या आईचा खणाचा हिरवा ब्लाउज. ब्लाउज तिला घट्ट झाला, छातीत चांगला दोन बोटं. ती हिरमुसली. मी ब्लाउज उलटा केला. दादांनी शिवलेला, म्हणजे आत माया असणारच. शिवणीच्या आत जादा सोडलेलं कापड म्हणजे माया. अंग भरलं, बाळंतपण झालं, लेक मोठी झाली, की शिवण उसवून कपडा सैल करता यावा म्हणून. तयार कपड्यात ही माया क्वचितच असते, कापड वाचवायचं असतं. दादा प्रत्येक बाजूला बोटभर तरी सोडायचे, आणि गिऱ्हाइकानं कापड कमी आणलं तर बाही तोकडी करायचे पण माया नाही.

रविवारी सकाळी खिडकीशी बसून मी ब्लेडच्या टोकानं एकेक टाका काढला. मुलगी दोरे वेचत होती. दोन्ही कुशी मोकळ्या झाल्या आणि आम्ही कापड उजेडात धरलं. बाहेरून ब्लाउज उन्हानं, धुण्यानं विटून पोपटी झाला होता. आतल्या त्या बोटभर पट्टीत खणाचा मूळ रंग, गर्द पाचूसारखा, दादांनी मशीनवर घातला त्या दिवशी होता तसा होता. मुलगी म्हणाली, “आता घातलं तर या पट्ट्या दिसतील.”

दिसू देत म्हटलं, आणि सुई ओवली.