वाटेत लागलेले घर



वसंत व्याख्यानमालेच्या या व्यासपीठावर इतिहासाचे, अर्थशास्त्राचे, संतवाङ्मयाचे अधिकारी वक्ते बोलावयाचे, अशी प्रथा आहे. आमचा अधिकार एवढाच की, आम्ही एकदा बेचाळीस किलोमीटर धावलो. तेही सगळे धावलो असे शपथेवर सांगता येणार नाही. त्यांतले पाचसहा किलोमीटर आम्ही चाललो. शर्यतीत आमच्या आधी हजारो माणसे पोहोचली होती. तेव्हा पराक्रमाची कथा ऐकावयास मिळेल या अपेक्षेने जे आले असतील, त्यांची आधीच क्षमा मागतो. आज सांगावयाचे आहे ते एका वळणाविषयी, जिथून आमचे घर दोन गल्ल्यांवर होते आणि शर्यत अजून बारा किलोमीटर उरली होती.

प्रथम या शर्यतीच्या कुळाचा थोडा विचार करू. इसवी सनापूर्वी ४९० मध्ये ग्रीस देशातील मॅरेथॉनच्या मैदानावर अथेन्सच्या लोकांनी इराणी सैन्याचा पराभव केला. विजयाची वार्ता घेऊन एक जासूद अथेन्सपर्यंत धावत गेला आणि ती सांगताच गतप्राण झाला, अशी आख्यायिका आहे. हिरोडोटसच्या इतिहासात मात्र निराळीच हकीकत आहे. त्याचा जासूद लढाईपूर्वी मदत मागण्यासाठी स्पार्टाला धावतो, आणि मरत नाही. पण लोकांना मरणारा जासूद अधिक आवडला, आणि १८९६ साली अथेन्समध्ये नवे ऑलिंपिक सामने सुरू झाले तेव्हा त्याच्या नावाने सुमारे चाळीस किलोमीटरांची शर्यत ठेवण्यात आली. ती जिंकली स्पिरिडॉन लुई नावाच्या एका पाणक्याने. आज जे ४२ किलोमीटर १९५ मीटर हे विचित्र अंतर ठरलेले आहे, ते १९०८ च्या लंडनच्या सामन्यांचे. विंडसरच्या राजवाड्यापासून क्रीडांगणातील राजघराण्याच्या आसनापर्यंत जे माप भरले, तेच १९२१ साली कायम झाले. राजाची सोय म्हणून वाढवलेली ती शेवटची वाट आजतागायत जगभरचे प्रजाजन तुडवीत आहेत.

आपल्याकडचा या शर्यतीशी संबंध काल-परवाचा नाही. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या सामन्यांत शेतकरी घरांतली मुले अनवाणी पायांनी लांबलांबची अंतरे धावत. ते पाहून सर दोराबजी टाटा थक्क झाले, आणि हे धावपटू ऑलिंपिकला का जाऊ नयेत, असा प्रश्न त्यांच्या मनात आला. त्यातून १९२० साली बेल्जममधील अँटवर्पला जी मंडळी गेली, त्यांत बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. त्यांनी ती मॅरेथॉन पुरी केली, सुमारे दोन तास एक्कावन्न मिनिटांत, आणि त्यांचा क्रमांक एकोणिसावा आला. शंभर वर्षांपूर्वी, परक्या हवेत, परक्या अन्नावर! आमच्यासारख्या हौशी माणसाला मॅरेथॉनला साडेपाच तास लागले, हे लक्षात घेतले म्हणजे चौगुल्यांपुढे हात जोडावेत की पाय धरावेत हे कळत नाही.

मुंबईची मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली. दर वर्षी जानेवारीत एका रविवारी ती होते. आमचे घर प्रभादेवीला. शर्यतीचा परतीचा रस्ता सिद्धिविनायकावरून जाई, म्हणून कितीतरी वर्षे आम्ही फुटपाथवर उभे राहून टाळ्या वाजवण्याचे काम निष्ठेने केले. ते काम चांगले आहे. त्यात पाय दुखत नाहीत. पण पंचेचाळिशी उलटली, जिना चढताना धाप लागू लागली, आणि डॉक्टरांनी चालावयास सांगितले. शिवाजी पार्काची एक फेरी साधारण सव्वा किलोमीटरची. पहिल्या दिवशी आम्ही तिचा चौथा भाग धावलो आणि कट्ट्यावर बसून राहिलो. चाळीत लगेच वार्ता पसरली. धावताना दिसलो की कोणीतरी गॅलरीतून विचारी, "काय हो, बस चुकली का?"

दोन वर्षे अशी गेली. दर रविवारी अंतर थोडे वाढवावयाचे, आणि चौथ्या आठवड्यास मुद्दाम कमी करावयाचे, म्हणजे हाडे आणि शिरा यांना सावरण्यास वेळ मिळतो. दहा, चौदा, अठरा, चोवीस असे करीत हौशी माणूस सरावात तीस-बत्तीस किलोमीटरांपर्यंत जातो, आणि तिथे थांबतो. कारण त्याहून अधिक अंतराचा सराव शरीराला लाभापेक्षा अपायच अधिक करतो. म्हणजे शेवटचे दहा किलोमीटर आपण प्रत्यक्ष शर्यतीच्या दिवशी आयुष्यात प्रथमच धावत असतो. त्यांची रंगीत तालीम नसते.

रविवार, १८ जानेवारी २०१५. पहाटे अंधारातच बोरीबंदरासमोरून आम्ही निघालो. वारा गार होता, भोवती हजारो माणसे होती, मरीन ड्राइव्हचे दिवे अजून जळत होते. पेडर रोडचा चढ आम्ही कधी चढलो ते कळलेदेखील नाही. वरळीच्या पुढे समुद्रसेतू लागला. एरवी त्या सेतूवर पायी माणसाला बंदी. मोटारीवाल्यांच्या त्या राज्यात त्या पहाटे फक्त पावलांचा आवाज होता. दोन्ही बाजूंना पाणी, मागे तांबडे फुटत असलेले. एवढ्या एका दृश्यासाठी दोन वर्षांची पहाटेची झोप आम्ही पुन्हा देऊ.

वांद्र्याहून वळून माहीमच्या बाजूस आलो तेव्हा मागून मोटारसायकलींचा आवाज आला आणि पट्टीचे धावपटू आम्हांला ओलांडून जाऊ लागले. ते आमच्यानंतर बऱ्याच वेळाने निघालेले होते. पुरुष गेले, पाठोपाठ स्त्रियाही गेल्या. ओ. पी. जैशा यांनी त्या दिवशी २ तास ३७ मिनिटे २९ सेकंदांत शर्यत पुरी करून भारतीय स्त्रियांचा नवा विक्रम केला. त्यांच्यामागे दुसऱ्या आल्या त्या साताऱ्याच्या माण तालुक्यातील ललिता बाबर. ज्या मुलखात पाण्यासाठी मैलोगणती चालावे लागते, तिथली ही मुलगी पुढच्याच वर्षी रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. त्यांची पावले रस्त्यावर टेकतात की नाही, अशी शंका यावी! आमची पावले तोवर रस्त्याला चिकटू लागली होती.

आता थोडे शरीरशास्त्र. आपण धावतो ते मुख्यतः स्नायूंत आणि यकृतात साठवलेल्या साखरेच्या जोरावर. ग्लायकोजेन नावाची ही शिदोरी बहुतेकांना तीस किलोमीटरांच्या आसपास पुरते. ती संपत आली की शरीर चरबीवर अधिक विसंबू लागते. चरबी अंगात पुष्कळ असते, आमच्या अंगात तर मुबलक होती; परंतु ती ओल्या लाकडासारखी. जळते, पण धग लवकर देत नाही. अशा वेळी पाय शिसे भरल्यासारखे होतात, डोके रिकामे होते, साधी बेरीज जमत नाही आणि उगाच रडू येते. धावणारे लोक याला 'भिंत' म्हणतात. त्यातच घामावाटे मीठ गेलेले असते. नुसते पाणी पीत राहिले तर रक्तातील मीठ आणखी पातळ होते आणि त्यातून गंभीर प्रसंगही ओढवतो. म्हणून रस्त्याच्या कडेला उभी राहून मीठ लावलेल्या संत्र्याच्या फोडी, बिस्किटे, लिमलेटच्या गोळ्या देणारी पोरेबाळे आणि म्हाताऱ्या बाया दिसतात, ती नुसती हौस नव्हे. तेच धावणाऱ्याचे औषध असते, आणि ते देणाऱ्याला घेणाऱ्याचे नावही ठाऊक नसते.

आमची भिंत कोठे उभी राहावी? तर थेट प्रभादेवीला! शिवाजी पार्क मागे पडले आणि सिद्धिविनायकाच्या अलीकडे उजव्या पोटरीत असा वांब आला की आम्ही फुटपाथला धरून उभे राहिलो. समोर आमची सौभाग्यवती लिंबाच्या सरबताचा तांब्या घेऊन उभी होती. तिने आमचा चेहरा पाहिला आणि एवढेच म्हणाली, "पुरे झालं. घरी चला."

श्रोतेहो, ही शर्यत बोरीबंदरापासून सरळ परगावी गेली असती तर बरे झाले असते. परगावी थांबलेल्या माणसाला निदान परत येण्याचा तरी प्रश्न असतो. इथे दोन गल्ल्यांवर घर होते, घरात पलंग होता, चहा होता, आणि तीस किलोमीटर धावलो ही गोष्ट काही लहान नव्हती. कोणी नाव ठेवले नसते. आम्ही पाऊल फुटपाथवर ठेवलेही.

तिथे आमच्या चाळीतले आबा खुर्ची टाकून बसले होते. तरुणपणी ते प्रभादेवीच्याच एका गिरणीत साच्यावर होते. त्यांनी आधी विचारले, "छातीत दुखतंय का?" आम्ही नाही म्हणालो. "डोळ्यांपुढं अंधारी?" तीही नव्हती. मग ते जरा वेळ रस्त्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "आज तारीख कुठली, ठाऊक आहे ना? अठरा जानेवारी."

प्रभादेवी, परळ, लालबाग या भागांत वाढलेल्या माणसाला ही तारीख समजावून द्यावी लागत नाही. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लक्ष कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. हळूहळू कोणी गावी गेले, कोणी भाजीची गाडी लावली, कोणी पहारेकरी झाले. गिरण्या बंद पडल्या, चिमण्या पडल्या, तिथे मनोरे उठले. आमच्या शर्यतीच्या दिवशी त्याला बरोबर तेहतीस वर्षे झाली होती.

आबा म्हणाले, "आमचा संप संपला, असं अजून कुणी येऊन मला सांगितलेलं नाही. तुझं तरी तुझ्या हातात आहे. धावू नकोस. चालत जा. पण संपव."

आबांच्या तेहतीस वर्षांच्या शेजारी आमचे बारा किलोमीटर ठेवणे हा उद्धटपणा होईल, आणि तो आम्ही करणार नाही. त्यांचे थांबणे त्यांच्यावर लादलेले होते; आमचे धावणे ही पोट भरलेल्या माणसाची हौस होती. पण म्हणूनच त्यांचे शब्द आम्हांला लागले. ज्याला शेवट करण्याची मुभा आहे, त्याने तो अर्ध्यावर टाकून देणे म्हणजे काय, हे ज्याला ती मुभा मिळाली नाही त्यालाच ठाऊक असते. आम्ही सरबत घेतले, मिठाची चिमूट तोंडात टाकली आणि सिद्धिविनायकाला रस्त्यावरूनच नमस्कार करून चालू लागलो. सौभाग्यवती एक शब्दही बोलली नाही. तिने तांब्या आबांच्या हाती दिला आणि ती घराकडे गेली. रागावून गेली असे आम्हांला वाटले.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. वरळीपर्यंत चाललो, मग जरा धावलो. हाजीअलीला ऊन डोक्यावर आले. सकाळी जो पेडर रोडचा चढ जाणवलाही नव्हता, तो परतीच्या वेळी सिंहगडासारखा उभा होता. तिथे एक अनोळखी तरुण पावलाशी पाऊल जुळवून आमच्याबरोबर चालला. तो कोण, कुठला, हे ना त्याने सांगितले ना आम्ही विचारले. चौपाटी आली, मरीन ड्राइव्ह संपता संपेना, आणि शेवटी बोरीबंदर दिसले. ती रेषा आम्ही धावत ओलांडली, कारण तिथे छायाचित्रकार उभे होते.

रेषेपलीकडच्या गर्दीत सौभाग्यवती आमच्या जुन्या चपला घेऊन उभी होती. ती घरी गेली होती ती चपला आणावयास, आणि तशीच गाडीने आली होती. बुटांतून सुजलेले पाय निघताना ती हसली, तेवढेच.

परत येताना स्टेशनचा जिना उतरता येईना. कठडा धरून उलटे, पाठमोरे उतरलो. तेव्हा त्या स्थानकाचे नाव एल्फिन्स्टन रोड होते. प्रभादेवी हे नाव २०१८ साली मिळाले. लोक बाजूला होऊन वाट देत होते. कोणी गळ्यातील पदक पाहून, तर कोणी आमची दशा पाहून.

या सगळ्यातून तरुणांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आबांनी आधी छातीचे विचारले, मग तारखेचे. हा क्रम मोडू नका. छातीत कळ आली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर शंभर मीटर उरले असले तरी थांबा. शर्यत पुढच्या जानेवारीत पुन्हा असते. मरणारा जासूद आख्यायिकेत शोभतो, घरात शोभत नाही. पण नुसते पाय दुखतात आणि घर जवळ आहे, एवढ्याच कारणाने थांबू नका. आम्हां मध्यमवर्गीयांची बहुतेक कामे अशक्य म्हणून राहत नाहीत. ती घर जवळ असल्यामुळे राहतात.

त्या संध्याकाळी आम्ही पदक आबांच्या हातात ठेवले. त्यांनी ते तोलून पाहिले आणि विचारले, "किती मिळाले?"

आम्ही म्हटले, "काही नाही आबा. उलट आम्हीच फी भरली होती."

आबा पुष्कळ वेळ हसत होते. मग पदक परत देताना म्हणाले, "तरी बरं, संपवलंस."