सहल घरातच ठरवायची



आज जरा लांबच्या गावाबद्दल बोलणार आहे. ऑस्ट्रेलियातलं समुद्राकाठचं एक गाव, आणि तिथे लेकरांना घेऊन चार दिवस राहायला जायचं तर तयारी कशी करायची, असा आजचा विषय आहे. तुम्ही म्हणाल, आमचा आणि ऑस्ट्रेलियाचा काय संबंध? पण आपल्या गटांमध्येच बघा. कुणाची लेक तिकडे आहे, कुणाची नणंद, कुणाचा भाचा. बाळंतपणाला म्हणून आई नाहीतर सासू विमानात बसून जाते. त्या देशाची बहुतेक वस्ती समुद्राच्या जवळ, त्यामुळे सुट्टी लागली की कुटुंब समुद्रावर जातंच. तेव्हा नातवाचा हात धरून वाळूत उभी कोण असते? आपलीच आई, आपलीच सासू.

माझी धाकटी नणंद मेलबर्न शहरात राहते. तिला दोन मुलं. थोरली मुलगी नऊ वर्षांची, धाकटा चार वर्षांचा. मागच्या डिसेंबरात माझे सासू-सासरे तिच्याकडे होते. तिचा फोन आला, "वहिनी, तुम्ही गटाच्या पन्नास बायकांना घेऊन अभ्यासदौरे काढता. आमच्या सहा माणसांची सहल आखून द्या की." उन्हाळ्यात मेलबर्न आपल्या साडेपाच तास पुढे असतं. आपल्याकडे दुपारचे दोन वाजले की तिच्याकडे संध्याकाळचे साडेसात. तीन रविवार आम्ही त्या वेळेला बसलो. ती तिकडची माहिती सांगायची, मी वहीत मांडायची. पहिल्याच पानावर मी लिहिलं होतं : गेलेली सगळी माणसं सुखरूप परत आली पाहिजेत, आणि सहल घरातल्या बाईलाही मिळाली पाहिजे. बाकीच्या सगळ्या याद्या या दोन गोष्टींसाठी.

आधी गाव सांगते. मेलबर्नहून मोटारीने सुमारे दोन तासांवर फिलिप आयलंड नावाचं बेट आहे. सॅन रेमो या गावापाशी पूल ओलांडला की बेटावर जाता येतं, होडी लागत नाही. बेटावरचं मुख्य गाव काउज. ते बेटाच्या उत्तर अंगाला आहे. त्या बाजूला वेस्टर्न पोर्ट नावाचा उपसागर आहे, त्यामुळे पाणी बरंच शांत, लाटा लहान. बेटाच्या दक्षिण अंगाला मात्र उघडा समुद्र. तिथे लाटा मोठ्या आणि पाण्याला ओढ जबरदस्त. एकाच बेटाला दोन स्वभावाचे किनारे. म्हणून "समुद्रावर जाऊ" एवढं ठरवून भागत नाही. कोणत्या अंगाच्या समुद्रावर, हे घरूनच ठरवावं लागतं. लहान मुलांसोबत राहायला आम्ही काउज धरलं.

आता वेळ आणि पैसा. तिकडे ऋतू आपल्या उलटे. डिसेंबर-जानेवारी म्हणजे भर उन्हाळा आणि शाळेची मोठी सुट्टी. त्या दिवसांत सगळा देश समुद्राकडे निघतो. जागा मिळणं अवघड आणि भाडंही जास्त. बऱ्याच ठिकाणी अमुक इतक्या रात्री राहिलंच पाहिजे, अशी अटही असते. म्हणून राहायची सोय काही महिने आधी धरायची. नणंदेने स्वयंपाकघर असलेली लाकडी खोली घेतली. लहान मूल आणि वयस्कर माणूस सोबत असलं की स्वतःची शेगडी आणि फ्रिज फार उपयोगी पडतो.

तिकडे पुष्कळ ठिकाणी पगार पंधरवड्याला होतो. तिने जुलैपासून दर पंधरवड्याला ठरावीक रक्कम वेगळ्या खात्यात टाकली. आपण गटात दर महिन्याला टाकतो तशीच. खर्चाचे पाच रकाने केले : राहणं, पेट्रोल, जेवण, तिकिटं आणि अडीअडचण. सगळ्यात मोठा आकडा राहण्याचा निघाला. मग तिकिटाच्या जागा कमी केल्या आणि फुकटच्या जागा शोधल्या. त्या पुष्कळ निघाल्या. काउजचा किनारा आणि धक्का फुकट. सॅन रेमोला दुपारी बाराच्या सुमारास पेलिकन पक्ष्यांना मासे घालतात, ते बघणं फुकट. बेटाच्या पश्चिम टोकाला नॉबीज नावाचे कडे आहेत. तिथे लाकडी पायवाट केली आहे, त्यामुळे सासऱ्यांनाही काठी टेकत जाता आलं. बागांमधून लोकांसाठी विजेच्या शेगड्या बसवलेल्या असतात. त्यावर इतरांनी मांस भाजलेलं असतं, म्हणून शाकाहारी माणसाने आपला तवा नाहीतर ॲल्युमिनियमचा कागद न्यावा. सासूबाईंनी समुद्राकडे तोंड करून थालीपिठं लावली. त्याचा फोटो आमच्या सगळ्या भावकीत फिरला.

पैशाचे रकाने भरून झाले तेव्हा मी नणंदेला विचारलं, "आता कामांची यादी सांग." ती म्हणाली, "कामं काय, मी करीनच की." मैत्रिणींनो, इथेच घोळ होतो. गाव बदलतं, भांडी बदलतात, पण घासणारे हात तेच राहतात. मग आम्ही कामं कागदावर मांडली. सकाळचा चहा, नाश्ता, भांडी, ओले कपडे वाळत घालणं, पिशवी भरणं, मुलांना झोपवणं. प्रत्येक कामापुढे नाव लिहिलं. नाश्ता आणि भांडी जावयांकडे गेली. पिशवी नऊ वर्षांच्या नातीकडे, तिला चित्रं काढून यादी दिली. रात्री गोष्ट सांगून झोपवणं आजोबांकडे. आणि रोज एक तास असा ठेवला की त्या वेळेत नणंदेला कुणी हाक मारायची नाही. मुलांनाही विचारलं की तुम्हाला काय बघायचं? धाकटा म्हणाला "पेंग्विन", थोरली म्हणाली "शिंपले". मोठ्यांनी आठ ठिकाणं ठरवली होती, त्यांतली चार तिथेच खोडली. मूल दिवसात एका ठिकाणी रमतं. दुसऱ्या ठिकाणी ते कंटाळतं आणि तिसऱ्या ठिकाणी रडतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं पान, पाण्याचं. हे नीट ऐका.

जानेवारी २०२४ मध्ये याच फिलिप आयलंडवर, दक्षिण अंगाच्या फॉरेस्ट केव्ह्ज या किनाऱ्यावर, भारतीय वंशाची चार माणसं बुडाली. चौघंही एकमेकांच्या नात्यातली. त्यांतली एक बाई पंजाबातून पाहुणी म्हणून आलेली होती. त्या किनाऱ्यावर जीवरक्षकांचा पहारा नव्हता. ती माणसं आपल्यासारखीच सुट्टीला गेलेली होती.

तिकडे पहाऱ्याच्या किनाऱ्यावर लाल-पिवळे झेंडे रोवतात. दोन झेंड्यांच्या मधल्या पाण्यावर जीवरक्षकांची नजर असते. पाण्यात उतरायचं ते त्या दोन झेंड्यांच्या मध्येच. झेंडे नसतील तर लाटांच्या पाण्यात उतरायचं नाही, वाळूत खेळायचं. बेटावर वूलमायसारख्या मोठ्या लाटांच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात असा पहारा असतो. पण त्यालाही दिवस आणि तास ठरलेले असतात, ते आधी बघून घ्यायचे.

झेंडे कशासाठी, तेही समजून घेऊ. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी परत समुद्राकडे जायला वाट शोधतं. शेतात पाणी जसं पाटाने धावतं, तसं ते समुद्रात एक पाट पाडून आत ओढत जातं. त्याला तिकडे रिप म्हणतात. फसवी गोष्ट अशी की त्या पाटात लाटा कमी फुटतात. आजूबाजूला पांढरा फेस आणि मध्ये गडद, शांत पट्टा दिसतो. आपल्याला वाटतं, इथे लाटा नाहीत, लेकराला इथेच उतरवावं. आणि ओढ नेमकी तिथेच असते. चुकून त्यात सापडलंच तर किनाऱ्याकडे जोर लावून पोहायचं नाही, त्यात दम संपतो. घाबरायचं नाही, अंग सैल सोडून तरंगायचं, हात वर करून मदत मागायची. आणि बुडणाऱ्यामागे आपण उडी घ्यायची नाही. जीवरक्षकाला बोलवायचं, तरंगेल अशी वस्तू फेकायची, आणि फोन लावायचा. तिकडचा तातडीचा नंबर तीन शून्यं, ०००. आम्ही तो सासूबाईंच्या पर्समध्ये मोठ्या अक्षरात लिहून ठेवला, मुक्कामाच्या पत्त्यासकट.

आणखी एक नियम केला, राखणीचा. आपण जोंधळ्याची राखण करतो ना, तशी. मुलं पाण्याजवळ असली की एका मोठ्या माणसाने फक्त त्यांच्याकडे बघायचं. अर्ध्या अर्ध्या तासाने माणूस बदलायचा. राखणदाराच्या हातात मोबाईल नाही, पेपर नाही, गप्पा नाहीत. "सगळेच बघतायत" म्हणजे कुणीच बघत नसतं. चार वर्षांचा मुलगा तर सतत हात पोचेल एवढ्या अंतरावर. काउजचं पाणी शांत असलं तरी हा नियम तिथेही पाळला. बायकांसाठी एक सांगते : साडी किंवा पंजाबी ड्रेस भिजला की जड होतो आणि पायात अडकतो. अंगभर असे पोहण्याचे कपडे मिळतात. ते नसतील तर घोट्याच्या वर पाण्यात जाऊ नये.

हे जीवरक्षक म्हणजे बहुतेक गावातलेच स्वयंसेवक, पगार न घेता सुट्टीच्या दिवशी पहारा देणारे. त्यांची मंडळं शंभर वर्षांहून जुनी. पण बायकांना पुरुषांच्या बरोबरीने पहाऱ्यावर उभं राहण्याची परवानगी मिळाली ती १९८० साली. आज मुलीही लाटेत बोटी घालतात. पाच वर्षांपासूनच्या मुलांना समुद्राची ओळख करून देणारे त्यांचे वर्ग असतात, त्यांना निपर्स म्हणतात. नणंदेने थोरलीचं नाव आता त्यात घातलं आहे.

उन्हाचंही सांगते. तिथला वारा गार असतो, म्हणून ऊन जाणवत नाही आणि कातडी भाजते. १९८१ पासून त्या राज्यात उन्हाबद्दल मोठी मोहीम चालली आहे : पूर्ण बाह्यांचा शर्ट, उन्हाचं मलम, रुंद टोपी, सावली आणि गॉगल. आपला रंग सावळा, आपल्याला काय होतंय, असं म्हणू नये. भाजतं सगळ्यांनाच. म्हणून किनारा सकाळी लवकर आणि चारनंतर. दुपारी जेवण आणि झोप.

ती झोप पेंग्विनसाठीही लागतेच. बेटाच्या समरलँड किनाऱ्यावर रोज अंधार पडताना छोटे पेंग्विन समुद्रातून घरी येतात. उंची जेमतेम ३३ सेंटिमीटर, वजन सुमारे एक किलो, म्हणजे आपल्या कोंबडीहून हलके. दिवसभर मासे धरायचे आणि संध्याकाळी बिळातल्या पिल्लांना भरवायला परतायचं. पिल्लं नर आणि मादी दोघं मिळून वाढवतात. डिसेंबरात तिथे सूर्य पावणेनऊच्या सुमारास मावळतो, म्हणजे मुलांना रात्री उशिरापर्यंत जागावं लागतं. तिकीट आधी काढावं लागतं. फोटो काढायला बंदी आहे, उजेडाने पक्षी बिथरतात. भर उन्हाळ्यातही रात्री बोचरा वारा असतो, म्हणून स्वेटर आणि घोंगडी न्यायची. परत निघताना मोटारीखाली वाकून बघायचं, पेंग्विन बसलेला असू शकतो. तिथे पूर्वी माणसांची घरांची वसाहत होती. १९८५ पासून सरकारने एकेक घर विकत घेतलं आणि २०१० पर्यंत सगळी जागा पेंग्विनांना मोकळी करून दिली. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "अगं, पाखरांसाठी माणसं उठवली. आपल्याकडे धरणाला उठवतात."

इथून जाणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी तीन गोष्टी. विमानतळावर खायच्या वस्तूंचं फॉर्ममध्ये खरं खरं लिहायचं. ताजी फळं, बिया, रोपं नेऊच नयेत. जे चालत नाही ते काढून घेतात, पण लपवलं तर मोठा दंड होतो. दुसरं, तिथली सरकारी आरोग्यसेवा आपल्या पाहुण्यांना फुकट मिळत नाही, म्हणून प्रवासाचा आरोग्य विमा काढूनच विमानात बसायचं. तिसरं, मोटारीत नातवंडाला मांडीवर घ्यायचं नाही. सात वर्षांखालच्या मुलाला वेगळी खुर्ची लागते, कायदाच आहे. आजीला वाईट वाटतं, पण तिथे बोट धरायचं, मांडी नाही.

नणंदेचे चार दिवस छान गेले. शेवटच्या दिवशी तिने तिच्या एका तासात एकटीने धक्क्यावर बसून फोन केला. मी म्हटलं, "काय करतेस?" म्हणाली, "काहीच नाही." एवढंच बोलणं झालं.

मैत्रिणींनो, कोकणातला समुद्रही असाच पाट पाडतो, आणि तिथे तर पुष्कळ ठिकाणी झेंडेही नसतात. तुमची सहल ऑस्ट्रेलियात असो की हरिहरेश्वरला, निघायच्या आधी एक कागद घ्या. पैसा, काम आणि पाणी असे तीन भाग पाडा. पाण्याच्या भागात राखणदारांची नावं लिहा. कामाच्या भागात तुमचं नाव किती वेळा आलं ते मोजा, आणि निदान दोन ठिकाणी खोडून दुसऱ्याचं लिहा. हा कागद पुढच्या बैठकीला घेऊन या, आपण सगळ्यांचे वाचू.