कोणतं खातं, कोणत्या मशीनवर?

उदाहरण करसल्लागाराच्या ऑफिसचं घेतो. हिशेबाचा फोल्डर एका मशीनवर असतो आणि बाकीचे तो नेटवर्कवरून उघडतात. एके सकाळी तो उघडत नाही. विंडोज १३३१ क्रमांकाची एरर दाखवतं : खातं डिसेबल केलेलं आहे. समोरचा माणूस चक्रावतो. मी तर लॉगिन होऊन बसलोय, मग माझं खातं बंद कसं?

बंद खातं त्याच्या मशीनवरचं नसतंच. ते असतं फोल्डर असलेल्या मशीनवर, आणि ते कोणतं, हे एरर सांगत नाही. विंडोज न विचारताच आपलं लॉगिनचं नाव पलीकडे पाठवतं. तुम्ही ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ म्हणून बसला असाल, तर पलीकडे त्याच नावाचं खातं पाहिलं जातं. आणि व्हिस्टापासून ते सहसा मुळातच बंद असतं. कधी क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये जुनं नाव साठवलेलं असतं, तेच पुढे जातं.

म्हणून आधी नाव शोधा. फोल्डरवाल्या मशीनच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिक्युरिटीच्या नोंदी उघडा. अयशस्वी लॉगिनचं ऑडिट चालू असेल, तर ४६२५ क्रमांकाच्या नोंदीत कोणत्या नावाने प्रयत्न झाला आणि तो का अडला, दोन्ही सापडतं. मग त्याच मशीनवर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘नेट युजर’ आणि पुढे ते नाव लिहा. खातं चालू आहे का, त्याची मुदत संपली आहे का, हे दिसतं. पासवर्ड चुकला तर एरर १३२६ असते आणि चुकीच्या प्रयत्नांमुळे खातं लॉक झालं तर १९०९. उपाय निरनिराळे आहेत, म्हणून क्रमांक लिहून घ्यायची सवय लावा.

आता ज्या मुद्द्यासाठी मी आज उभा आहे, तो. खातं सापडलं की लगेच चालू करू नका. ते कोणी आणि का बंद केलं, हे विचारा. नोकरी सोडून गेलेल्या सहकाऱ्याच्या नावावर तीन मशीनं चालत असतात. मालक ते खातं बंद करतात, आणि ते योग्यच करतात. ते पुन्हा उघडलं, तर गेलेल्या माणसाचा पासवर्डही पुन्हा चालू होतो! त्या मशीनंवर साठवलेलं ते नाव काढून टाका आणि प्रत्येकाला स्वतःचं खातं द्या. त्याला पासवर्डही हवा, कारण बिनपासवर्डाच्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही.

‘गेस्ट चालू करा, एव्हरीवनला परवानगी द्या’ हा सल्ला सर्रास मिळतो. मला तो घातक वाटतो. त्या परवानगीने अशिलांची कागदपत्रं नेटवर्कवरच्या कोणाच्याही हाती जातात, आणि कोणी काय उघडलं याचा माग उरत नाही. शिवाय तो उपाय आता टिकतही नाही. २०१७ मध्ये विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीने एंटरप्राइज आणि एज्युकेशनमध्ये गेस्टने दुसऱ्या मशीनवर जाणं मुळातच बंद केलं. विंडोज ११ च्या २४एच२ मध्ये प्रो आवृत्तीवरही तेच झालं.

फोल्डर लिनक्सच्या मशीनवर असेल आणि साम्बा तो शेअर करत असेल, तर साम्बाची खात्यांची यादी बहुधा वेगळी असते. लिनक्सचं खातं चालू असूनही साम्बाचं बंद असू शकतं. ‘एसएमबीपासडब्ल्यूडी’ला ‘-ई’ जोडून ते चालू होतं.

आणि सगळं नीट करूनही एरर १२१९ आली, तर फोल्डरवाल्या मशीनशी जुन्या नावाने झालेलं कनेक्शन अजून जिवंत आहे. उघड्या फायली बंद करा, ‘नेट यूज’ने ते कनेक्शन काढा आणि नव्या नावाने जोडा.