सात की साठ?

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



बॅचतर्फे शाळेला काय भेट द्यायची यावर आपल्या ग्रुपवर भरपूर चर्चा झाली आणि वर्गावर्गात लाऊडस्पीकर बसवावेत असं बहुतेकांचं मत पडलं. त्याबद्दलच मला पाच मिनिटं बोलायचं आहे. सुरुवात करते आपल्या ओळखीच्या जागेपासून, वेरूळच्या दहाव्या लेण्यापासून.

विश्वकर्मा लेणं, म्हणजे आपली 'सुतार झोपडी', सातव्या शतकातलं. आतलं दालन सुमारे ८५ फूट लांब, ३४ फूट उंच, वर कमानदार छत. तिथे कुणी सावकाश स्वर लावला की तो घुमत राहतो, अंगावर काटा येतो. तिथेच कुणी भराभर बोलू लागलं, तर मागच्यांना शब्द कळत नाहीत. दोन्हींचं कारण एकच. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. दालनाच्या टोकाला जाऊन परत यायला त्याला सेकंदाचा सहावा-सातवा हिस्सा लागतो. बसाल्टचा दगड आवाज फारसा शोषत नाही, म्हणून तो भिंती, खांब, छत यांवर आदळत फिरत राहतो. लांबवलेल्या स्वराला हे मानवतं. भराभर बोलताना मात्र आधीच्या अक्षराचा घुमारा पुढच्या अक्षरावर चढतो.

आता आपला वर्ग आठवा. उघड्या भिंती, फरशी, वर छत. मऊ असं काहीच नाही. 'सात' आणि 'साठ' म्हणून बघा. 'सा' दोन्हींत सारखाच. फरक फक्त शेवटच्या क्षणभराच्या 'त'चा आणि 'ठ'चा. 'सा' घुमत राहिला की नेमका तेवढाच भाग झाकला जातो. मोठी माणसं संदर्भावरून शब्द पुरा करतात. लहान मुलांकडे तेवढा शब्दसाठा नसतो. मग मागच्या बाकावरचा मुलगा सातच्या जागी साठ लिहितो आणि आपण विचारतो, "लक्ष कुठे आहे तुझं?"

त्यात कानाचंही असतं. पडदा थरथरतो, हातोडा, ऐरण, रिकीब ही तीन हाडं ती थरथर आत पोचवतात आणि शंखासारख्या भागातल्या केशपेशी मेंदूला संदेश देतात. सर्दीनंतर पडद्यामागे पाणी साचलं, तर मुलाला काही आठवडे कमी ऐकू येऊ शकतं आणि घरात कुणाला पत्ताही लागत नाही. केशपेशी एका कानात १५ हजारांच्या आसपास. मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. डीजेसमोर नाचणाऱ्या आपल्या पिढीनेही हे लक्षात ठेवावं.

मग स्पीकर का नको? आवाज वाढवला की घुमाराही तेवढाच वाढतो. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या एका नव्या सभागृहात व्याख्यान कळेना, तेव्हा वॉलेस सॅबाइन या प्राध्यापकांनी तिथे शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या आणून मोजमाप केलं. बोललेला शब्द तिथे साडेपाच सेकंद रेंगाळत होता. जितक्या गाद्या जास्त, तितका घुमारा कमी. सभागृहांच्या ध्वनिशास्त्राचा पाया तिथे घातला गेला.

मी सॉफ्टवेअरमधली. बिघाड जिथे असतो तिथेच दुरुस्त करायचा, ही आमची शिस्त. म्हणून माझी सूचना अशी: त्याच पैशांत मागच्या भिंतीवर जाड सॉफ्ट बोर्ड, खिडक्यांना जाड पडदे आणि बाकांच्या पायांना रबर बसवू. उरलेल्या रकमेतून दरवर्षी पहिलीच्या मुलांची कानतपासणी करून घेऊ. पटत नसेल, तर रिकाम्या वर्गात एक टाळी वाजवून बघा आणि ती किती वेळ रेंगाळते ते ऐका.

सर, बाई, तुमचा आवाज कधीच कमी पडला नव्हता. तो मागच्या बाकापर्यंत स्वच्छ पोचायला हवा होता, एवढंच. पुढच्या मुलांसाठी ते आपण करू शकतो.