आधी कार्य, मग कारण?



अलिबागची चुंबकीय वेधशाळा आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. मुंबईत विजेची ट्राम आली की कुलाब्याच्या वेधशाळेतील नाजूक चुंबकसूच्या बिघडतील, म्हणून १९०४ साली ती येथे उभारली गेली. परंतु विजेची ट्राम धावली १९०७ साली! मग कार्य आधी आणि कारण मागाहून, असे झाले काय? नाही. वेधशाळा हलली ती ट्रामच्या बेतामुळे, आणि बेत आधीच ठरला होता. कार्यकारणभाव शाबूत राहिला.

गणितात मात्र तो शाबूत राहीलच असे नाही. आइन्स्टाइनच्या १९१५ च्या सिद्धान्तानुसार जड वस्तूजवळून जाणाऱ्या प्रकाशाला उशीर होतो. सूर्याला लगटून शुक्रापर्यंत जाऊन परतणाऱ्या रडार-लहरीला तो सेकंदाच्या सुमारे पाच-हजाराव्या भागाइतका होतो. १९६४ साली शपिरो यांनी हे मोजण्याची युक्ती सुचविली. मोजणीत ते खरे ठरले.

आता अवकाशाला लांबी, रुंदी, उंची यांखेरीज आणखी मिती असल्या तर? तशा विश्वात गुरुत्वाकर्षणाच्या समीकरणांत नवी पदे येऊ शकतात, असे लव्हलॉक यांनी १९७१ साली दाखविले. आपल्या पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेत नरेश दधीच यांनी ह्या समीकरणांचा अनेक वर्षे अभ्यास केला.

२०१४ साली माल्दासेना व त्यांच्या तीन सहकाऱ्यांना एक विलक्षण गोष्ट आढळली. नुसती अशी पदे जोडली, तर अतिवेगवान कणाच्या अगदी निकटून जाणारी गुरुत्वलहर उशिरा पोचण्याऐवजी वेळेआधी पोचू शकते. असे दोन कण परस्परविरुद्ध दिशांनी जाऊ दिले, तर निरोप धाडण्यापूर्वीच तो आपल्या हाती परत येईल! ‘बाजारात तुरी’ म्हणतात, त्यावरही ही ताण झाली. आणि तो निरोप वाचून आम्ही तो धाडलाच नाही, तर हाती आला तो कोणाचा?

म्हणून असा सिद्धान्त एकटा उभा राहू शकत नाही. त्याला वाचवायचे तर अधिकाधिक जड अशा असंख्य कणांची जोड द्यावी लागते. तंतुसिद्धान्तात ती मिळते.

ह्या जादा मिती अद्याप कोणाला सापडलेल्या नाहीत. तरीही त्यांविषयीच्या सिद्धान्ताची पारख आज होऊ शकते, ती ह्या एका जुन्या कसोटीवर. आपल्या कृत्यांचा जाब आपणांस विचारला जातो, तोही ह्याच क्रमाच्या भरवशावर. तो क्रम आम्ही गृहीत धरतो. शास्त्रज्ञ त्याचीच मोजपट्टी करतात.