प्रयोगशाळेच्या दारातील अट
(हीरक महोत्सवानिमित्त बंगळुरू येथे भरलेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



काल आपल्या शाळेच्या एका माजी विद्यार्थिनीने मला येथील तिची प्रयोगशाळा दाखवली. करंगळीएवढ्या कुपीत पाण्यासारखा द्रव होता. ‘‘बाई, यात प्रतिपिंडे आहेत. ती सायटोक्रोम सी हे प्रथिन नेमके हुडकून त्याला चिकटतात,’’ ती म्हणाली. हे प्रथिन पेशीच्या तंतुकणिकांमध्ये इलेक्ट्रॉन पुढे पोहोचवते आणि त्या क्रमातूनच पेशीला ऊर्जा मिळते. पेशी मरणपंथाला लागली की ते बहुधा तंतुकणिकेबाहेर पडते. प्रतिपिंडाला चमकणारा रंग जोडला, म्हणजे ते कोठे आहे हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसते.

मी मराठीची एम.ए.; याहून अधिक विचारू नये! पण सायटोक्रोम म्हटल्यावर मला दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या भगिनी कमलाबाई आठवल्या. १९३३ साली मुंबईहून बी.एस्सी. होऊन त्यांनी याच शहरातील भारतीय विज्ञान संस्थेकडे अर्ज केला. वडील आणि काका तेथेच शिकलेले. तरीही केवळ स्त्री म्हणून संचालक सर सी. व्ही. रामन यांनी नकार दिला. कमलाबाई हटल्या नाहीत. त्यांनी सत्याग्रह मांडला. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर : पहिले वर्ष परीक्षेचे, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीही काम, आणि त्यांच्या उपस्थितीने इतरांचे लक्ष विचलित होता कामा नये. श्रीनिवासय्यांच्या हाताखाली त्यांनी दूध आणि डाळींतील प्रथिनांवर काम केले. वर्षभराने रामन यांचे समाधान झाले आणि पुढे मुलींना तेथे प्रवेश मिळू लागला. नंतर केंब्रिजमध्ये बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी असल्याचे त्यांनी दाखवले. तेव्हा अशी कुपी नव्हती. वर्णपटातील काळ्या पट्ट्यांवरून ते ओळखावे लागे. १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली, प्रबंध अवघा चाळीस पानांचा. त्याच पुढे डॉ. कमला सोहोनी म्हणून ओळखल्या गेल्या.

रामन यांना दोष देणे सोपे आहे. परंतु कालची ही मुलगी दहावीत असताना एक प्रयोग पूर्ण करण्यासाठी पाचनंतर थांबू इच्छीत होती, तेव्हा मीच तिला अडवले होते. मुले थांबत, त्यांना मी कधी काही विचारले नव्हते. ‘‘घरचे कुणी सोबत आण,’’ अशी अट मी घातली. दुसऱ्या दिवशी तिची आजी जपमाळ घेऊन प्रयोगशाळेतील स्टुलावर साडेसहापर्यंत बसून राहिली. आठवडाभर येत होती.

काल मी तिची क्षमा मागितली. ती हसली. अट तिच्या लक्षातही नव्हती. लिटमसचा कागद लाल झाला तेव्हा आजीने कपाळाला हात लावला, तेवढे आठवत होते.

येत्या जूनपासून शाळेची प्रयोगशाळा मुले-मुली सर्वांसाठी सायंकाळी सातपर्यंत उघडी राहील. आपल्यापैकी जे गावी येतील त्यांनी एक संध्याकाळ तेथे द्यावी. फक्त आधी कळवावे.